मुलांसाठी आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर : इंदूरच्या गच्चीवर कुठलं कामाला येतं?

इंदूरच्या भर वस्तीतल्या गच्चीवरून, आभाळ निरभ्र असलं तरी, फार तर चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका. चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे सगळ्या आकाशात मिळून पाचशेच्या आसपास आहेत आणि एका वेळी क्षितिजाच्या वर त्यातले निम्मे. आकाशाचं सॉफ्टवेअर मात्र सहाव्या प्रतीपर्यंतचे किंवा त्याहूनही फिके तारे दाखवतं, म्हणजे हजारोंनी. मूल पडद्यावर ती गर्दी बघतं, मान वर करतं, तर वर मोजके ठिपके. कुठला ठिपका कुठला हे जुळत नाही आणि दहा मिनिटांत ते खाली निघून जातं.

त्यामुळे लहान मुलांसाठी किंवा नवशिक्यांसाठी सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न चित्रं किती देखणी हा नसावा. पडद्यावरचे तारे कमी करता येतात का, हे आधी बघावं. दुसरा प्रश्न असा की ते कुठे वापरायचं आहे : गच्चीवर, टेबलावर, की ‘शनीजवळ जाऊन बघू’ म्हणणाऱ्या मुलासाठी. या तीन जागांसाठी तीन वेगळी सॉफ्टवेअर चांगली आहेत आणि तिन्ही फुकट आहेत : स्टेलेरियम, स्काय मॅप आणि सेलेस्टिया. के-स्टार्सही फुकट आणि उत्तम आहे, पण त्याची खरी ताकद संगणकावरून दुर्बीण चालवण्यात आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जायची गरज नाही.

टेबलावर : स्टेलेरियम

संगणकावरचं स्टेलेरियम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फोनच्या स्टोअरमध्ये त्याच नावाचं अ‍ॅप दिसतं आणि त्याची ‘प्लस’ आवृत्ती विकत घ्यावी लागते. ते पाहून पुष्कळ पालक समजतात की स्टेलेरियम पैशाचं आहे. संगणकावरचं पूर्णपणे मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात. तिन्ही मुलाला शेजारी बसवूनच.

आधी ठिकाण. एफ६ दाबलं की ठिकाणाची खिडकी उघडते. तिथे नेटवर्कवरून ठिकाण घेण्याच्या चौकटीत खूण असेल तर ती काढा. ब्रॉडबँडवाल्याचा पत्ता मुंबईचा निघाला तर सॉफ्टवेअर तुम्हाला मुंबईत बसवतं. मुंबई आणि इंदूरच्या रेखांशात जवळजवळ ३ अंशांचा फरक आहे, म्हणून ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या वेळा साधारण १२ मिनिटांनी सरकतात. इंदूरसाठी २२.७ अंश उत्तर, ७५.९ अंश पूर्व भरा. ग्वाल्हेरला २६.२ आणि ७८.२, बडोद्याला २२.३ आणि ७३.२. कालविभाग ‘एशिया/कोलकाता’ आहे ना तेही बघा, आणि हेच ठिकाण कायमचं ठेवण्याच्या चौकटीत खूण करा.

ठिकाण बरोबर बसलं का हे तपासायची एक छान रीत आहे. ध्रुव तारा शोधा (एफ३ दाबून ‘पोलॅरिस’) आणि डाव्या कोपऱ्यातल्या माहितीत त्याची उंची वाचा. इंदुरात ती २२ ते २३ अंशांच्या आसपास यायला हवी, कारण ध्रुवाची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांशच. ४८-४९ अंश आली तर सॉफ्टवेअर अजून पॅरिसच्या मूळ ठिकाणीच आहे. त्याच रात्री गच्चीवर जाऊन हात लांब करून मूठ धरायची. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठी आणि वर थोडं, तिथे ध्रुव. पडद्यावरचा आकडा आणि आपली मूठ जुळली की मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो कुठल्याही थ्रीडी चित्राने पडत नाही.

दुसरं काम तारे कमी करण्याचं, आणि स्टेलेरियम इथेच बाकीच्यांच्या पुढे जातं. एफ४ दाबा, आकाशाच्या पानावर ताऱ्यांच्या विभागात ‘लिमिट मॅग्निट्यूड’ म्हणजे प्रतीची मर्यादा आहे. तिथे खूण करून ४ लिहा. पडदा एकदम मोकळा होतो आणि सप्तर्षी, मृग, वृश्चिक हे ठळक आकार आपोआप वर येतात.

४ हाच आकडा तुमच्या गच्चीला लागू पडेल असं नाही. तो सप्तर्षींवरून ठरवावा. मार्च ते जून संध्याकाळी ते उत्तरेला चांगले वर असतात. चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तो तारा अत्री, सातांमध्ये सगळ्यात फिका, ३.३ प्रतीचा. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाला चिकटून अरुंधती आहे, ती ४ प्रतीची. अत्रीच दिसत नसेल तर मर्यादा ३ ठेवा. अत्री दिसतो पण अरुंधती नाही, तर ३.५. दोन्ही सहज दिसत असतील तर ४ किंवा ४.५. थंडीत हेच काम कृत्तिकांवरून होतं. नुसता धुरकट पुंजका दिसला तर ३.५, चार-पाच तारे सुटे मोजता आले तर ४ च्या वर. जानापावच्या डोंगरावर किंवा मांडूला मुक्काम असेल तर मर्यादेची खूण काढूनच टाका, तिथलं आकाश पडद्याशी बरंच जुळेल.

तिसरं काम म्हणजे कुठली बटणं चालू ठेवायची ते ठरवणं. ‘सी’ने तारकासमूहांच्या रेषा येतात, ‘व्ही’ने नावं. ‘आर’ने चित्रं येतात : शिकारी, सिंह, खेकडा. ही चित्रं पहिले काही आठवडे बंद ठेवावीत असं आमचं ठाम मत आहे. चित्र पाहिलेलं मूल आकाशात सिंहाचं तोंड शोधत बसतं आणि मघा नक्षत्रातला कोयत्यासारखा आकार त्याला दिसत नाही. वेळ पुढे पळवायला ‘एल’, मागे न्यायला ‘जे’, नेहमीच्या वेगावर यायला ‘के’. मुलं ‘एल’ चार-पाचदा दाबतात आणि आकाश भिंगरीसारखं फिरू लागतं. तेव्हा ‘के’ आणि मग ‘८’ दाबायचं, आकाश आत्ताच्या क्षणावर येतं.

नावांचं काय? घरात आजी मृग, व्याध, रोहिणी म्हणते, शाळेतली बाई ओरायन, सिरियस, अल्डेबरान. दोन्ही बरोबर, पण मुलाला ते वेगवेगळे तारे वाटतात. एफ४ च्या खिडकीत आकाशपरंपरा बदलायचं पान आहे आणि त्यात भारतीय नक्षत्रांची परंपराही आहे. ती निवडून सत्तावीस नक्षत्रं बघता येतात, मग पुन्हा पाश्चात्त्य परंपरेवर यायचं. तोच तारा दोन नावांनी दोनदा दाखवला की गोंधळ मिटतो. एवढी सोय स्काय मॅपमध्ये किंवा सेलेस्टियात नाही.

स्टेलेरियमची दुखरी बाजू म्हणजे जुने लॅपटॉप. बऱ्याच जुन्या यंत्रावर कधी कधी ते उघडतानाच ओपनजीएलची, म्हणजे पडद्यावर चित्रं रेखाटणाऱ्या ग्राफिक्स-व्यवस्थेची, आवृत्ती अपुरी असल्याचा संदेश देऊन बंद पडतं. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘क्यूटी५’ या जुन्या पायावर बांधलेली स्टेलेरियमची आवृत्ती उतरवा. ती विंडोज ७ वरही चालते आणि तिच्याबरोबर स्टार्ट मेनूत ‘अँगल मोड’ आणि ‘मेसा मोड’ असे दोन पर्याय येतात. अँगल आधी वापरून बघा. मेसामध्ये सगळं काम प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे चालतं, पण रखडत.

गच्चीवर : स्काय मॅप

लॅपटॉप गच्चीवर नेऊ नये. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा पडदा ती मेहनत क्षणात घालवतो. न्यायचाच असेल तर स्टेलेरियममध्ये कंट्रोल आणि ‘एन’ एकत्र दाबून पडदा लाल करा.

गच्चीसाठी फोन बरा, आणि अँड्रॉइडवर आमची पहिली पसंती स्काय मॅप. ते गूगलमध्ये तयार झालं, २००९ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला (ओपन सोर्स) करण्यात आला. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, इंटरनेट लागत नाही. मुलांच्या हाती फोन द्यायचा तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण आकाशाच्या बऱ्याच फुकट अ‍ॅपमध्ये दर दोन मिनिटांनी ‘सात दिवस मोफत’ अशी पाटी येते आणि लहान बोट तिच्यावर पडतंच. यात रात्रीसाठी लाल पडदा आहे. शोधात ‘ज्युपिटर’ लिहिलं की गुरूकडे कसं वळायचं ते बाणाने दाखवतं. फोन आभाळाकडे धरला की समोरच्या ताऱ्याचं नाव येतं.

येतं, पण कधी कधी चुकीचं. फोन दिशा ओळखतो ती आतल्या चुंबकीय होकायंत्रावरून, आणि गच्चीवर लोखंड मुबलक : पाण्याच्या टाकीचा स्टँड, कठड्याचे पाइप, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. त्यांच्याजवळ उभं राहिलं तर आकाश वीस-तीस अंश सरकलेलं दिसतं. फोनच्या कव्हरला चुंबकाची झडप असेल तर ती आधी काढा. मग लोखंडापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाचदा फिरवा. तपासणी चंद्रावर करायची : फोन चंद्राकडे धरा, आणि पडद्यावरचा चंद्र खऱ्यापासून एका मुठीपेक्षा जास्त लांब असेल तर पुन्हा फिरवा. चंद्र नसेल तर गुरू किंवा शुक्रावर.

काही स्वस्त फोनमध्ये होकायंत्र नसतंच. मग फोन कितीही फिरवा, चित्र वळत नाही. अ‍ॅपच्या मेनूतल्या ‘डायग्नोस्टिक्स’ पानावर कुठले सेन्सर आहेत ते दिसतं. नसेल तर बोटाने आकाश सरकवायची पद्धत वापरा, तिनेही तारे ओळखता येतात, फक्त उत्तर दिशा आपल्याला माहीत हवी.

तारे कमी करण्यासाठी स्टेलेरियमसारखा आकडा मात्र इथे नाही. म्हणून क्रम असा ठेवा : संध्याकाळी टेबलावर स्टेलेरियममध्ये दोनच तारकासमूह बघायचे, गच्चीवर आधी ते डोळ्यांनी शोधायचे आणि फोन फक्त अडलं तर खिशातून काढायचा. आयफोनवर स्काय मॅप नाही, तिथे स्टेलेरियमचं मोफत अ‍ॅप पुरेसं आहे.

एक सक्त सूचना. ही अ‍ॅप दिवसाही चालतात आणि सूर्य दाखवतात. फोनच्या मागे मूल थेट सूर्याकडे बघू शकतं. सूर्यास्तानंतरच सुरू करायचं, हा नियम घरात पक्का असू द्या.

शनीजवळ जायचं असेल तर : सेलेस्टिया

स्टेलेरियम तुम्हाला जमिनीवर उभं ठेवतं, सेलेस्टिया अवकाशात सोडतं. ते २००१ पासून आहे आणि मध्यम प्रतीच्या जुन्या यंत्रावरही सुरळीत चालतं. लहान मुलांसाठी त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अंकांची बटणं आहेत : ६ दाबून ‘जी’ दाबलं की यान शनीकडे निघतं, ५ ला गुरू, ४ ला मंगळ. इंग्रजी स्पेलिंग न येणारं सहा वर्षांचं मूलही हे करू शकतं. अवकाशात हरवलं, पडदा काळा झाला, तर ‘एच’ने सूर्य निवडून ‘जी’ दाबा, आणि सूर्याजवळ पोचल्यावर ३ आणि ‘जी’, म्हणजे पृथ्वीवर परत. ‘डी’ने तयार सफर सुरू होते. आज रात्री गच्चीवरून काय दिसेल हे मात्र सेलेस्टियाला विचारू नका, ते त्याचं काम नाही.

नासाचं ‘आइज’ हे ब्राउझरमध्येच चालतं आणि व्हॉयेजरसारखी यानं आत्ता कुठे आहेत हे दाखवण्यात सेलेस्टियाच्या पुढे आहे. त्याला चांगलं इंटरनेट आणि बरं ग्राफिक्स लागतं. दोन्हींतलं एकच घ्यायचं तर नेट तुटक असणाऱ्या घरी सेलेस्टिया.

मग आपल्या घरी कुठलं?

घरात फक्त अँड्रॉइड फोन असेल तर स्काय मॅप, आणि दर आठवड्याला दोनच तारकासमूह. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर सेलेस्टियापासून सुरुवात केलीत तरी चालेल, त्या वयात ग्रह ताऱ्यांपेक्षा जवळचे वाटतात. आठच्या पुढच्या मुलांना स्टेलेरियमच, लॅपटॉप जुना असला तरी थोडी खटपट करून. दुर्बीण घ्यायचा विचार असेल तरीही स्टेलेरियम, कारण त्यातल्या ‘ऑक्युलर्स’ प्लगिनमध्ये दुर्बिणीचं आणि नेत्रिकेचं (डोळा लावायच्या भिंगाचं) नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, भरलं की शनी खरोखर केवढा दिसेल ते खरेदीआधीच कळतं. ७०० मिलिमीटरची दुर्बीण आणि १० मिलिमीटरची नेत्रिका म्हणजे ७० पट. खोक्यावरच्या चित्रातला भलामोठा शनी त्यात दिसणार नाही, हे मुलाला आधी माहीत असलेलं बरं.

माळव्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश ढगांच्या हाती. त्याआधी, ६-७ जूनच्या सुमारास, इंदुरात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. स्टेलेरियममध्ये त्या दिवशीची दुपारी १२.२५ ची वेळ लावा, सूर्याची उंची ९० अंशांना टेकलेली दिसेल. मग अंगणात सरळ पाइप उभा करून बघा. असाच दिवस ६ जुलैच्या सुमारास पुन्हा येतो, वेळ १२.३१, पण तेव्हा बहुधा ढग असतात. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे असा दिवस येतच नाही, आणि ठिकाण ग्वाल्हेरचं लावून तो शोधायला सांगितलं की मुलं ते आपोआप हुडकून काढतात.

पावसाळ्यातल्या संध्याकाळी शनी घ्या. एफ३ ने शोधा, ‘/’ दाबून जवळ जा, आणि एफ५ च्या खिडकीत वर्ष २०१७ करा : कडी पूर्ण उघडलेली. मग एकेक वर्ष पुढे. मार्च २०२५ ला कडी रेघेसारखी बारीक होते आणि २०३२ कडे पुन्हा उघडत जाते. २०३२ मध्ये आपण किती वर्षांचे असू, हे मुलं इथे स्वतःहून मोजायला लागतात.