शाळेच्या प्रयोगशाळेसाठी: पारड्यांचा तराजू की इलेक्ट्रॉनिक काटा?

एकाच काट्यापुरते पैसे आहेत, मग कोणता घ्यावा? साताऱ्यातल्या आमच्या शाळेपुढेही हाच प्रश्न होता. आम्ही आधी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, पुढच्या वर्षी तराजू. दोन्ही हाताळून झाल्यावर जे वाटतं ते सांगतो.

झटपट कामाला इलेक्ट्रॉनिकला तोड नाही. काचपेटीतल्या तराजूवर एक वस्तू तोलायला पाच-सात मिनिटं सहज जातात. दांडी सोडायची, काटा झुलू द्यायचा, दांडी पुन्हा अडकवायची, चिमट्याने वजनं बदलायची. वर्गात चाळीस मुलं असली की तास संपतो. शिवाय पावसाळ्यात पितळी वजनांवर डाग पडतात, आणि कितीही बजावलं तरी मुलांची बोटं लागतातच. रसायनशास्त्राचे प्रयोग हाच मुख्य उपयोग असेल, तर इलेक्ट्रॉनिक घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

मला खटकलं ते वेगळंच. आमचा काटा दिल्लीत तपासून आलेला. दहावीतल्या एका मुलीने त्यावर २०० ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं, आकडा आला १९९.८४. तिने वजन उचललं, रुमालाने ताटली पुसली, शून्य केलं, परत ठेवलं. पुन्हा १९९.८४. ‘वजन झिजले आहे’, असं तिने वहीत लिहून टाकलं.

झिजलं काहीच नव्हतं. गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप असलेला आपला ‘जी’, दिल्लीत ९.७९१ मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास आहे आणि इथे ९.७८३च्या. आपण विषुववृत्ताला जास्त जवळ, त्यात पठारावर सुमारे सातशे मीटर उंचीवर. फरक किलोमागे पाऊण ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. इलेक्ट्रॉनिक काट्यातल्या लोडसेलला, म्हणजे ताटलीखालच्या संवेदकाला, कळतो तो फक्त भार. मोजलं जातं बल, म्हणजे वजन, पण पडद्यावर उमटतात वस्तुमानाचे ग्रॅम. मधला ‘जी’ दिल्लीचा धरलेला, आणि तो कुठे दिसतही नाही. जागेवर काटा सेट करायला प्रमाण वजन लागतं, ते सोबत नव्हतंच. विक्रेत्याला विचारलं तर, ‘सर, फॅक्टरीतून सेट होऊनच येतो!’

गुरुत्वाकर्षण हा दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा. तो शिकवणाऱ्याला ही लपवाछपवी फार बोचते.

तराजू आल्यावर त्याच मुलीला बोलावलं. डाव्या पारड्यात तेच पितळी वजन, उजव्यात पेटीतली १००, ५०, २०, २० आणि १०. दांडी सोडली. काटा दोन्हीकडे सारखा झुलत झुलत मधल्या रेघेवर येऊन थांबला. ‘जी’ कमी झाला तर दोन्ही पारड्यांवर सारखाच कमी होतो. चंद्रावर तो साधारण एक षष्ठांश, तरी दांडी आडवीच राहील. आमचा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र तिथे जेमतेम ३३ ग्रॅम दाखवेल. हे सगळं तिला मला सांगावं लागलं नाही. वहीतली ओळ तिने आपणहून खोडली.

बल मोजणं चूक आहे असं मात्र नाही. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेली आहे, आणि ती प्रत्यक्षात उतरवणारा किबल तराजूही वस्तूवरच्या बलाचाच आधार घेतो. फक्त तिथे त्या जागेचा ‘जी’ वेगळा, अत्यंत काटेकोरपणे मोजतात.

स्प्रिंगचा तानकाटा या तुलनेत धरत नाही. तो स्वस्त असतो आणि न्यूटनची पट्टी असेल तर आपण बल मोजतो हे सरळ सांगतो. चार-पाच घेऊनच ठेवा.

इलेक्ट्रॉनिकच घ्यायचं ठरलं, तर प्रमाण वजन बिलातच लिहून घ्या आणि काटा ज्या टेबलावर राहणार तिथेच सेट करा. आम्ही ते वजन नंतर वेगळं मागवलं. ते आता तराजूच्या पेटीतच ठेवतो.