‘1911 च्या आधीचा प्रायमस’ आणि माझे 21,490 रुपये

पंप मारायच्या जुन्या पितळी प्रायमस स्टोव्हचे 18,500, ‘ओरिजिनल’ बर्नरचे 2,350, पॅकिंग आणि पाठवणीचे 640. घरी हा आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण ज्याने हा स्टोव्ह मला विकला तो माणूस अजून विकतोच आहे.

गोड बोलणं, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’, मग आगाऊ पैसे, हा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. मलाही होता. याने मला पकडलं ते माझ्याच माहितीत. प्रायमस काढणाऱ्या लिंडक्विस्टचा स्टोव्ह 1892 चा, आणि टाकीवर बनावटीचं वर्ष सांगणारं अक्षर यायला लागलं 1911 पासून. अक्षर नसलेली टाकी म्हणजे मधल्या काळातली, हा हिशेब जुने स्टोव्ह जमवणारा कुणीही करतो. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘‘बघा, बुडावर अक्षर नाही.’’ पुढचं मीच जुळवलं.

बुडाचा फोटो त्याने आधीच पाठवला होता! आज तो उघडला की अंगाची आग होते. एका बाजूचा छाप ठसठशीत, आणि शेजारी बोटभर जागा एकदम गुळगुळीत, किंचित खोलगट. अहो, हा स्टोव्ह पायांवर उभा असतो, बूड जमिनीला घासतच नाही. मग तेवढीच जागा झिजली कशाने? बफ मारून, म्हणजे पॉलिशच्या चाकाने घासून, अक्षर उडवलेलं होतं. फोटो अंधुक होता, आणि माणूस पंपातल्या चामड्याच्या वायसरपासून बर्नरखालच्या शिशाच्या वॉशरपर्यंत इतकं अचूक बोलत होता की माझ्या जागी कुणीही असता तरी पैसे पाठवलेच असते. बुडाचा फोटो तिरक्या उजेडात मागा. देत नसेल तर तिथेच थांबा.

माल आला. रॉकेल न भरता, बर्नरचं तोंड बंद करून हवा भरली आणि टाकी पाण्यात धरली. पंपाच्या नळीच्या मुळाशी बुडबुडे. वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचं वार्निश, खरवडलं तर खाली एपॉक्सी! धातूचा डाख नाही, एपॉक्सीचा गोंद, तेही दाबाखालच्या टाकीला. काकडा लावून पेटवला असता तर? लॅकर मारलेली टाकी घेऊच नका, त्याखाली काहीही लपतं. मुद्दाम काळवंडवलेली तर नकोच. अमोनियाने पितळ जुनं दिसतं, पण ताणाखालच्या पितळाला त्याच अमोनियाने भेगा जातात. बर्नर तर सरळ नवा, ओतकामाच्या कडासुद्धा घासलेल्या नव्हत्या.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘‘रॉकेलच्या स्टोव्हला एवढे पैसे?’’ आणि शेजारचा हसला. मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी कोर्टात जा. घासलेल्या अक्षराचा फोटो दाखवला तर ‘‘हे आम्हाला कसं कळणार?’’ तुम्हाला कळत नाही म्हणून तर जाणकाराचं मत लेखी देतो म्हणालो. अर्जसुद्धा घेतला नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ज्या साइटवर जाहिरात होती ते म्हणतात जुन्या वस्तूंना परतावा नाही, आणि जाहिरात काढायला ‘पुरेसा पुरावा नाही’. सगळ्यांकडे नियम आहेत, फक्त माझ्या बाजूचा एकही नाही.

त्या विकणाऱ्याला कुणी आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच बँकेला लेखी कळवा. फोनवर नाही. पोच घ्या, आणि टाकी पाण्यात धरल्याचा व्हिडिओ पार्सल उघडतानाच काढा. मी काढला नव्हता, तेच आता माझ्यावर उलटवतायत.