न्यूयॉर्क की शिकागो: भैरवीपर्यंत थांबता येईल का?

अमेरिकेत दोन शहरांतून नोकरीचे बोलावणे आले की ओळखीतले तरुण मला फोन करतात आणि कोणते शहर घ्यावे असे विचारतात. याचे कारण इतकेच की मी न्यूजर्सीत राहून पाच वर्षे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर नोकरी केली, मधले दहा महिने एका कामानिमित्त लॉस एंजेलिसमध्ये काढले आणि गेली अकरा वर्षे शिकागोत आहे. पगार, घरभाडे आणि लोकसंख्येचे तक्ते प्रत्येकाने आधीच पाहिलेले असतात, त्यामुळे त्यांची उजळणी येथे करत नाही. महानगरांच्या उत्पन्नाच्या क्रमात न्यूयॉर्क पहिले, लॉस एंजेलिस दुसरे आणि शिकागो तिसरे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

अर्थकारणात न्यूयॉर्कला प्रतिस्पर्धी नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. जगातले दोन सर्वांत मोठे शेअर बाजार या एका शहरात आहेत. बँका, विमा, जाहिरात, प्रकाशन आणि वस्त्रप्रावरणांची फॅशन या सर्वांची मुख्य कचेरी एका अरुंद बेटावर दाटीवाटीने उभी आहे. तेथे पैसा हाच कच्चा माल आणि पैसा हाच पक्का माल. आपले काम गुंतवणूक बँकिंगचे किंवा इंग्रजी ग्रंथप्रकाशनाचे असेल, तर हा आढावा पुढे वाचण्याचे फारसे कारण नाही, न्यूयॉर्कला जावे. पहिल्या पाच वर्षांत तेथे जितकी माणसे भेटतात आणि त्या भेटींतून जितकी कामे निघतात, तितकी शिकागोत दहा वर्षांतही निघत नाहीत, असा निदान माझा अनुभव आहे.

शिकागोचे अर्थकारण समजायला थोडे मागे जावे लागते. १८२५ मध्ये इरी कालवा झाला आणि मध्य अमेरिकेचा माल सरोवरांच्या वाटेने न्यूयॉर्कच्या बंदरात उतरू लागला. १८४८ मध्ये इलिनॉय-मिशिगन कालवा झाला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातले धान्य शिकागोत येऊन सरोवराला मिळू लागले. म्हणजे ही दोन शहरे एकाच जलमार्गाची दोन टोके होती. त्याच १८४८ मध्ये शिकागोच्या व्यापाऱ्यांनी ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ स्थापन केले. धान्याची प्रतवारी ठरली, पोत्यांऐवजी कोठारांतून ढिगाने साठवण होऊ लागली, कोणत्या शेतकऱ्याचा गहू कोणता हे पाहण्याची गरज उरली नाही, आणि पुढच्या हंगामातल्या मालाचा सौदा आजच करता येऊ लागला. आजचा वायदेबाजार या कोठारांतून निघाला आहे. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘सीबॉट’वरचा बुशेलमागचा (बुशेल हे धान्य मोजण्याचे अमेरिकी माप) दर छापून येतो, ते सीबॉट म्हणजे हाच बाजार. लासाल रस्त्याच्या टोकाला असलेल्या त्याच्या १९३० सालच्या इमारतीच्या शिखरावर सेरेस या धान्यदेवतेचा पुतळा आहे. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मराठवाड्यातल्या माझ्या मामांना मी मुद्दाम त्याचे छायाचित्र पाठवले होते. त्यांनी कौतुक केले नाही; भाव कधी वाढणार एवढेच विचारले.

व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शिकागो एका धंद्यावर उभे नाही. वायदेबाजार आहे, त्याच्या जोडीला अन्नप्रक्रिया, औषधे, रेल्वेची मालवाहतूक, विमा आणि मोठी रुग्णालये आहेत. यांपैकी एकाही क्षेत्रात ते जगात पहिले असेल असे नाही; परंतु एका धंद्याला खोकला झाला म्हणून सगळे शहर अंथरूण धरत नाही.

लॉस एंजेलिसविषयी थोडक्यात सांगतो. तेथील आणि शेजारच्या लाँग बीचचे बंदर मिळून अमेरिकेतील कंटेनरांची सर्वांत मोठी वाहतूक चालते, ही बाब चित्रपटांच्या झगमगाटात विसरली जाते. १९७२ पासून मुंबईशी त्याचे भगिनीनगराचे नाते आहे, आणि चित्रपटाच्या धंद्यावर पोट असणाऱ्यांची अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच आहे. २०२३ मध्ये पटकथालेखकांचा संप १४८ दिवस चालला, तेव्हा त्याची झळ सुतारांपासून जेवण पुरवणाऱ्यांपर्यंत सर्वांना लागली. संगीतासाठी डिस्ने हॉलसारखे सभागृह आणि चित्रांसाठी गेटीसारखे संग्रहालय असूनही त्यांतली कोणतीही जागा सहज वाटेत लागत नाही. प्रत्येक वेळी गाडी काढायची, द्रुतगती मार्गावर रांगेत उभे राहायचे आणि शेवटी वाहनतळ शोधायचा. दहा महिन्यांत मी सहा वेळा गेलो, त्यांतले दोनदा पाहुण्यांना दाखवायला.

सांस्कृतिक महत्त्वाकडे वळल्यावर न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यातला फरक मला असा दिसतो: घडते पुष्कळदा शिकागोत, आणि त्यावर शिक्का न्यूयॉर्कमध्ये बसतो. जॅझचा वादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला आला, तेथे त्याच्या वादनाचा बोलबाला झाला आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कने त्याला बोलावून नेले. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांनी आपले ब्लूज हे संगीत शिकागोत आणले आणि गिटारला वीज जोडली. १९४३ मध्ये आलेला मडी वॉटर्स हे त्यातले सर्वांत मोठे नाव. पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचा उल्लेख होतो ती १८८५ ची होम इन्शुरन्स इमारत शिकागोचीच होती, पण गगनचुंबी इमारती म्हटले की डोळ्यांपुढे मॅनहॅटन येते. नाटकाचेही तसेच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ४१ नाट्यगृहे आहेत आणि त्यांचा व्यवसाय थक्क करणारा आहे. शिकागोत दुकानांच्या गाळ्यांत, साठ-सत्तर खुर्च्यांपुढे नाटके होतात. स्टेपनवुल्फ ही आज नामांकित असलेली नाट्यसंस्था उपनगरातल्या एका चर्चच्या तळघरात सुरू झाली. आपल्याकडे ज्यांनी दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांचे दिवस पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांना ही हवा लगेच ओळखू येईल.

आता ज्या एका त्रासामुळे माझा निर्णय झाला, त्याविषयी. मी मूळचा डोंबिवलीचा. आठ वर्षे लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे शरीर टेकवून फोर्टात जाणाऱ्या माणसाला न्यूजर्सीहून मॅनहॅटनला जाणे जड वाटू नये, आणि पहिल्या वर्षी ते वाटलेही नाही. सकाळची गाडी, नदीखालचा बोगदा, स्थानकातल्या फलकाकडे मान वर करून उभी असलेली गर्दी, हे सर्व ओळखीचेच होते. त्रास संध्याकाळचा होता. कार्नेगी हॉल माझ्या कार्यालयापासून चालत वीस मिनिटांवर होते. तेथे हिंदुस्थानी संगीताची मैफल असली की मी पहिल्या दिवशी तिकीट काढत असे, आणि प्रत्येक मैफलीत सव्वादहाच्या सुमारास माझे मन तानेवरून उठून वेळापत्रकावर जाऊन बसे. रात्री गाड्या विरळ होत. एक चुकली की पुढची जवळजवळ तासाने, शिवाय उतरल्यावर वाहनतळापर्यंत चालणे, मग गाडीने वीस मिनिटे, आणि सकाळी पुन्हा सहाचा गजर. त्यामुळे कलाकाराने भैरवीसाठी तानपुरे जुळवायला घेतले की मी शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत, क्षमा मागत बाहेर पडत असे. पाच वर्षांत मी त्या सभागृहात एकही भैरवी ऐकली नाही. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे सदस्यत्व घेतले होते, त्याचाही वापर पाहुणे आले तरच होई. नकाशावर जगाची सांस्कृतिक राजधानी माझ्या टेबलापासून अर्ध्या तासात होती, आणि माझ्या वाट्याला तिचा मध्यंतरापर्यंतचा भाग येत होता.

यात शहराचा दोष किती आणि माझा किती, हा वाद होऊ शकतो. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात घर घेतले असते तर रात्रभर चालणारा सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, हाताशी होता. परंतु न्यूजर्सीच्या भाड्यात तेथे दोनच खोल्या मिळत होत्या, मुलीची शाळा ठरलेली होती, मराठी मित्रमंडळी एडिसनच्या परिसरात होती. आपल्यापैकी बहुतेकांचे हिशोब याच मार्गाने न्यूजर्सीत जाऊन थांबतात.

शिकागोत पहिल्याच वर्षी जी गोष्ट जाणवली ती म्हणजे अंतरे. बोर्ड ऑफ ट्रेडच्या इमारतीपासून मिशिगन ॲव्हेन्यूवरचे ऑर्केस्ट्रा हॉल दहा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि त्याच्या जवळजवळ समोर आर्ट इन्स्टिट्यूट. याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी भाषण केले. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये त्या भाषणाचे शब्द तिथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिले होते. शहराच्या उत्तर भागात, सरोवरापासून दोन गल्ल्या आत, आम्हाला परवडेल असे तीन खोल्यांचे घर मिळाले. तेथून भाजीपाला आणि वाणसामानासाठी देवॉन रस्ता जवळ आहे, आणि रेड लाइन ही शहरी रेल्वे रात्रभर चालते. आता कार्यक्रम संपल्यावर मी टाळ्या पुरत्या वाजवतो, दाराशी कोणी भेटले तर बोलतो, आणि पाऊण तासात घरी असतो.

शिकागोची बाजू घेताना त्याच्या उणिवा झाकणे बरोबर नाही. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या ३६ लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती २७ लाख भरली. बोइंगने आपले मुख्यालय येथून हलवण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी सिटाडेल ही मोठी गुंतवणूक कंपनी मायामीकडे निघाली. मालमत्ता कर जबर आहे. थंडीविषयी न बोललेलेच बरे; ३० जानेवारी २०१९ च्या सकाळी तापमान उणे ३० अंशांखाली गेले होते आणि पापण्यांवर बर्फ जमतो हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. शिवाय नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग अशा दूरच्या उपनगरात मोठे घर घेण्याचा मोह झाला, तर मी वर वर्णन केलेली भैरवीची अडचण तेथेही जशीच्या तशी समोर येते, आणि मग न्यूयॉर्क सोडल्याचा फायदा काय, असे कोणी विचारल्यास माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

तरीही आपले काम ठरावीक एका शहराशी बांधलेले नसेल, तर माझे मत शिकागोकडे झुकते. ठरवण्यापूर्वी शक्य असल्यास फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दोन्ही शहरांत कार्यालयीन वेळेनंतर एक कार्यक्रम पाहावा आणि जेथे घर घेण्याचा विचार आहे त्या ठिकाणापर्यंत रात्री परतून पाहावे.

माझ्या पत्नीला हे सारे पटत नाही, हेही नोंदवतो. ती दर मे महिन्यात आठवडाभर न्यूयॉर्कला जाते, कार्नेगी हॉलपासून दोन चौकांवरच्या हॉटेलात उतरते आणि भैरवी ऐकून चालत परत येते.