कोपरातलं रेडियल हेड इम्प्लांट: दीड वर्षाचा अनुभव आणि एक्स-रेमधल्या 'झिजलेल्या' हाडाबद्दल

माझ्या उजव्या कोपरात धातूचं रेडियल हेड बसवून दीड वर्ष होत आलं. गाडीवरून पडले, हात टेकला आणि रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, वरच्या टोकाचे (रेडियल हेडचे) इतके तुकडे झाले की स्क्रू मारून जोडण्यासारखं काही उरलंच नाही. कोपर निखळलंही होतं आणि लिगामेंटही (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) फाटलं होतं. अशा वेळी ते टोक नुसतं काढून टाकलं तर कोपर स्थिर राहत नाही, म्हणून त्या जागी कृत्रिम टोक बसवतात. ऑपरेशन इथेच, इंदूरला झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका ब्रँडपुरतं नाही. इम्प्लांटभोवतीचं हाड पुढे बदलतं, आणि तो बदल कोणी समजावून दिला नाही तर माणूस हाय खातो.

आधी हाताची हालत सांगते. हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकलेलाच राहतो. वाकवताना मात्र तोंडापर्यंत, कानापर्यंत, वेणीपर्यंत जातो. रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांत हललं आणि तळहात वर-खाली दोन्हीकडे 50-50 अंश वळला तर पुरतं, हे अमेरिकेतले सर्जन मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली मोजून दाखवलं. फिजिओथेरपिस्टने हे आकडे मला पहिल्याच आठवड्यात सांगितले आणि फार बरं झालं, कारण 'पूर्ण सरळ' हा हट्ट तिथेच सुटला. मला सगळ्यात जड गेलं ते तळहात वर करणं. कृष्णपुऱ्याच्या दत्त मंदिरात तीर्थ घ्यायला कितीतरी दिवस डावा हात खाली धरून उजव्याला आधार द्यावा लागायचा. आता लागत नाही. पोळ्या लाटते, पण कणीक मळायला घरातलं दुसरं कोणीतरी लागतं. तळहात खाली करून जोर दिला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला भार येतो, तो मी टाळते. भरलेली बादली डाव्या हाताने.

आता रिपोर्ट. वर्ष होताना काढलेल्या एक्स-रेवर लिहिलं होतं की रेडियसच्या मानेत (टोकाच्या लगेच खालचा भाग), इम्प्लांटच्या कॉलरखाली (हाडावर टेकणारी कड) हाड विरघळलं आहे आणि स्टेमभोवती, म्हणजे हाडाच्या आत जाणाऱ्या दांड्याभोवती, काळी रेघ दिसते. दुखत तर काहीच नव्हतं! तरी रात्रभर डोक्यात एकच, की हे सैल झालं, आता पुन्हा ऑपरेशन. आमच्या राजेंद्र नगरात सल्ल्याची कमी नाही. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "दीदी, पहलवान से मालिश करवा लो, हड्डी बैठ जाएगी." त्या मायेनेच म्हणाल्या, पण ऑपरेशन झालेल्या कोपराला चुकूनही असली मालिश करून घेऊ नका. कोपर हा सांधा मुळातच चिडका. जोर लावून ताणला, रगडला की स्नायूत नको तिथे हाड तयार व्हायची भीती असते. त्याला हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात, आणि त्याने हालचालच बंद पडू शकते. व्यायाम स्वतःच्या ताकदीने, दुखेल तिथे थांबून.

सर्जननी जुने सगळे एक्स-रे एका रांगेत लावले आणि मग मला नीट कळलं. हाडाला जेवढा भार मिळतो तेवढं ते स्वतःला राखतं. युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्ये हा नियम मांडला होता. अशा इम्प्लांटसाठी वापरतात तो कोबाल्ट-क्रोम धातू हाडापेक्षा दहापट किंवा त्याहूनही ताठ असतो. घट्ट ठोकून बसवलेला स्टेम वरचा भार थेट खालच्या हाडात नेतो, मग मधल्या मानेच्या हाडाला कामच उरत नाही. ज्या खांबावरून तुळईचा भार काढून घेतला त्याची कोणी डागडुजी करत नाही, तसं शरीर तिथलं हाड काढून घेतं. याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात. ते साधारण पहिल्या वर्षात दिसतं आणि बहुतेकदा तिथेच थांबतं. माझ्या बाबतीत आधीच्या दोन एक्स-रेंमध्ये मानेचं हाड कमी होत गेलेलं, पण शेवटच्या दोन्हींत अगदी तेवढंच. स्टेमच्या खालच्या टोकाला हाड छान चिकटलेलं.

काळ्या रेघेचा अर्थ इम्प्लांट कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरतो, आणि ही गोष्ट मला कुठेच सरळ लिहिलेली सापडली नाही. काही इम्प्लांटचा स्टेम गुळगुळीत असतो आणि मुद्दाम थोडा सैल ठेवतात, म्हणजे टोक आपोआप योग्य जागी फिरतं. त्याच्याभोवती रेघ दिसणं नेहमीचंच, बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. खरखरीत, घट्ट बसवलेल्या स्टेमभोवती पूर्ण लांबीची रेघ दिसली, ती दर वेळी रुंदावत गेली आणि मनगटाच्या दिशेने हाताच्या पुढच्या भागात दुखू लागलं, तर मात्र ते सैल होण्याचं लक्षण धरतात. माझी रेघ वरच्या भागापुरती आहे.

आणखी एक जागा डॉक्टर दर वेळी बघतात, ती म्हणजे समोरचं कॅपिटेलम, दंडाच्या हाडाचा गोल भाग. धातूचं टोक दोन-तीन मिलिमीटर जरी जास्त लांब बसलं तरी ते कॅपिटेलमला घासतं, कूर्चा झिजते, हात वाकेनासा होतो. ही गोष्ट ऑपरेशनच्या वेळच्या मापावर ठरते, नंतरच्या व्यायामावर नाही. म्हणून 'तू व्यायाम कमी केलास' असं ऐकवणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. कितीतरी बायका हा दोष उगाच स्वतःवर घेतात.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय किंवा नुकतंच झालंय त्यांनी हॉस्पिटलमधून इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. स्टेम गुळगुळीत की खरखरीत, हेही लिहून घ्या. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जिवापाड जपा, फिल्म असो की सीडी, कारण पुढचं प्रत्येक चित्र त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच स्थितीत हात ठेवून एक्स-रे काढा. कोन बदलला की रेघही वेगळी दिसते आणि उगाच जीव टांगणीला लागतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, ती अल्नर नसेची तक्रार असू शकते.

माझा पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. मानेचं हाड आहे तेवढंच दिसलं तर त्यानंतर वर्षातून एकदाच यायचं, असं सर्जन म्हणालेत.