घर न पाहता भरलेली अनामत: बर्लिनला निघालेल्यांसाठी

2023 च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनमधल्या एका कंपनीचे नियुक्तिपत्र हाती आले आणि 2 जानेवारीपासून रुजू व्हायचे ठरले, तेव्हा मी पुण्यात कोथरूडला राहत होते. आधी मी एकटीने जायचे आणि घर लागल्यावर यजमान व मुलीने यायचे, असा आमचा बेत होता. त्या महिन्यात जर्मनीविषयी जे जे वाचले, त्यातली एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसली: तिथे पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेले पुष्टिपत्र लागते. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि निवास परवान्याचे कामही अडते. त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीच घर पक्के असले पाहिजे, असे मी धरून चालले.

हा समज अर्धवट होता. कायद्यातली दोन आठवड्यांची मुदत घरात राहायला गेल्यापासून मोजली जाते; विमान उतरल्यापासून नव्हे. हे मला त्या वेळी कळले असते, तर पुढची सारी घाई झालीच नसती, असे मला आजही वाटते.

जाहिरात फ्रिडरिक्सहाइन भागातल्या दोन खोल्यांच्या, सामानासह असलेल्या घराची होती; भाडे हीटिंगसह महिना 780 युरो. त्या भागाच्या मानाने हे फार स्वस्त आहे, हे मला जाणवले होते, पण घरमालक म्हणवणाऱ्याने त्याचे कारण स्वतःहूनच दिले. मुलीच्या शिक्षणासाठी आपण लंडनला आलो आहोत, घर रिकामे पडून आहे आणि भाड्यापेक्षा ते नीट सांभाळणारे माणूस महत्त्वाचे आहे, असे त्याने लिहिले. त्याने पासपोर्टची प्रत, नियुक्तिपत्र आणि पगाराचा तपशील मागितला. यात संशय घेण्यासारखे काही नव्हते, कारण बर्लिनमधले खरे घरमालकही हीच कागदपत्रे मागतात; किंबहुना फसवणारा खऱ्या व्यवहाराच्याच क्रमाने चालतो, म्हणून तो ओळखू येत नाही. त्याने स्वतःच्या ओळखपत्राची प्रत पाठवली आणि चौदा पानांचा जर्मन भाडेकरारही पाठवला. पुष्टिपत्र किल्लीबरोबरच मिळेल, असे आश्वासन दिले. मला नेमके तेच हवे होते.

दोन महिन्यांची अनामत आणि पहिले भाडे मिळून 2,340 युरो, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम, मी पुण्यातल्या बँकेतून पाठवली. त्यासाठी माझ्या वडिलांनी आपली मुदत ठेव मोडली होती. पैसे मिळताच किल्ली कुरिअरने पाठवू, असे ठरले होते. खाते क्रमांकाच्या सुरुवातीला ‘डीई’ऐवजी ‘ईएस’ ही अक्षरे होती, म्हणजे खाते जर्मनीतले नसून स्पेनमधले होते. ही दोन अक्षरे देश दाखवतात, हे मला ठाऊक नव्हते. बर्लिनचे घर, लंडनचा मालक आणि स्पेनचे खाते, एवढे एकत्र पाहिले असते तरी मी थांबले असते.

किल्ली आली नाही. कुरिअर सीमाशुल्कात अडकले आहे, पत्त्यावरच भेटू, अशी उत्तरे येत राहिली. 28 डिसेंबरला दोन बॅगा घेऊन मी त्या इमारतीसमोर उभी राहिले. तिथे दाराशी घरक्रमांकांऐवजी रहिवाशांच्या आडनावांचा घंटांचा फलक असतो, आणि करारावरचे आडनाव त्यावर नव्हते. बाहेर पडणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी करार दाखवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. अशीच चौकशी करत आलेली त्या महिन्यातली मी तिसरी होते.

त्यानंतरचे पाच आठवडे मी हॉस्टेलमध्ये आणि नंतर एका सहकारी मैत्रिणीच्या घरी काढले. याच काळात एका गृहस्थांनी 400 युरोंत ‘फक्त नोंदणीपुरता’ पत्ता देऊ केला. मी जवळजवळ होकार दिला होता, मैत्रिणीने थांबवले. जिथे आपण राहत नाही, तिथली नोंदणी बेकायदेशीर आहे आणि असा पत्ता पुरवणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कर क्रमांक टपालानेच येतो, आणि टपालपेटीवर आपले नाव नसेल तर पत्र परत जाते. म्हणजे पैसे देऊनही हाती काही लागले नसते.

मी बर्लिन पोलिसांकडे तक्रार नोंदवली. पुण्याच्या बँकेने रक्कम परत मागवण्याचा प्रयत्न केला, पण खाते तोवर रिकामे झाले होते. भारतातून पैसे पाठवले असतील तर सायबर गुन्ह्यांच्या 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. मी लाजेपोटी तीन आठवडे घरीही सांगितले नाही. काही महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे पत्र आले की आरोपीचा शोध न लागल्याने तपास थांबवण्यात आला आहे.

जे मला फार उशिरा समजले ते इथे स्पष्ट लिहिते. जर्मन कायद्यानुसार घराची अनामत मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याच्या, तिपटीपेक्षा अधिक मागता येत नाही. भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो, त्याआधी नाही. म्हणून किल्ली हाती येण्यापूर्वी कोणी पूर्ण अनामत मागत असेल, तर हा कायदा दाखवून नकार द्यावा. पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा घ्यावी, तिथे नोंदणी करता येईल का हे आधीच लेखी विचारावे, आणि कायमचे घर स्वतः पाहून किंवा ओळखीच्या माणसाला पाहायला पाठवूनच घ्यावे. पासपोर्टच्या प्रतीवर ती कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहावे व अनावश्यक क्रमांक झाकावेत.

हे शेवटचे मी का लिहिते, तेही सांगते. 2024 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या एका विद्यार्थ्याने माझे नाव शोधून मला संदेश पाठवला. बर्लिनमधल्या घराची मालकीण म्हणून त्याला माझ्याच पासपोर्टची प्रत पाठवण्यात आली होती, आणि पैसे भरण्यापूर्वी एकदा खात्री करावी, असे त्याला वाटले होते. मी त्याला माझ्या पोलीस तक्रारीचा क्रमांक पाठवला आणि त्याच संध्याकाळी फोनवर सगळे सांगितले. त्याने पैसे पाठवले नाहीत.