एलएस-डायना: वाहनाच्या तळावरील स्फोटभारासाठी कोणती पद्धत निवडावी?

नाशिकमधील अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील जी डिझाइन कार्यालये चिलखती वाहनांच्या तळाचे काम घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. एलएस-डायना हे स्फोट, टक्कर अशा घटनांचे संगणकावर गणित करणारे सॉफ्टवेअर मी नियमित वापरतो आणि माझे मत अनुकूल आहे. मात्र त्यात स्फोटभार लावण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि उत्तराची विश्वासार्हता त्या निवडीवरच ठरते.

सर्वांत सोपी पद्धत कॉनवेपची. किंगरी आणि बुलमाश यांच्या 1984 च्या चाचणी-आधारित सूत्रांवरून ती पत्र्यावरचा दाब थेट देते, त्यामुळे हवेची जाळी (गणितासाठी हवेचे लहान तुकड्यांत केलेले विभाजन) लागत नाही. मोकळ्या हवेत, वाहनाच्या बाजूला होणाऱ्या स्फोटासाठी ती मी निःशंकपणे सुचवेन. पोटाखालच्या सुरुंगासाठी मात्र ती वापरू नये. स्टॅनाग 4569 या चिलखती वाहनांच्या संरक्षणाविषयीच्या नाटो मानकाच्या तिसऱ्या पातळीत 8 किलो स्फोटक धरतात. त्याचे घनमूळ 2. तळ 40 सेंटिमीटरवर असेल तर प्रमाणित अंतर (मीटरमधील अंतर भागिले हे घनमूळ) 0.2 येते, म्हणजे जमिनीलगतच्या स्फोटासाठी ही सूत्रे जिथपर्यंत लागू पडतात त्या 0.178 या खालच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले. त्याहून मोठी अडचण मातीची आहे: सुरुंगावरची माती, विशेषतः ओली, तळावर आदळून जो आवेग (धक्क्याचा एकूण जोर, म्हणजे बल गुणिले वेळ) देते तो या सूत्रांत येतच नाही. आकडे नेटके दिसतात, आणि नवख्या अभियंत्याची फसगत तिथेच होते.

सुरुंगाचा आवेग देणारी दुसरी पद्धत मातीची घनता आणि पुरण्याची खोली विचारात घेऊन तळाच्या नोडना (जाळीच्या बिंदूंना) थेट प्रारंभिक वेग देते. जाडी आणि व्ही-आकाराचा कोन यांचे पर्याय ताडून पाहायला ती उत्तम आहे.

अंतिम आराखड्यासाठी मात्र एएलई (आर्बिट्ररी लॅग्रांजियन-यूलेरियन) ही तिसरी पद्धतच हवी. तिच्यात हवा, माती आणि स्फोटक यांचा प्रवाह जाळीतून सोडवला जातो आणि तळाशी कपलिंगने, म्हणजे दोघांमधले बल एकमेकांना पोचवणाऱ्या दुव्याने, जोडला जातो. गणित लांबते आणि पत्र्याच्या घडीपाशी गळती होऊ शकते, म्हणजे गणितात माती किंवा वायू पत्र्याच्या आरपार जाऊ शकतात; म्हणून अॅनिमेशन थांबवून माती पत्र्याच्या वरच्या बाजूस आलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. जाळी बारीक करून एकूण आवेग पुन्हा काढावा. तो लक्षणीय बदलला, तर अहवाल पाठवू नये. तसेच काम स्वीकारतानाच ग्राहकाकडून चाचणीच्या जमिनीची घनता आणि ओलावा लेखी मागून घ्यावा, कारण या माहितीविना एएलईवर खर्चलेला वेळ वाया जातो.