एसीएल सर्जरी, हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट: वर्ष होत आलं, गुडघा कसा आहे

कबड्डीत गुडघा फिरला, एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचं अन नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेला निघाला, नागपूरले ऑपरेशन केलं. ती स्टोरी सगळ्यांची सेमच असते, म्हणून पुढचं सांगतो.

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की गावात लोकांले वाटते दोन भोकं पाडून लिगामेंट शिवून टाकलं. पण मधून तुटलेला एसीएल बहुतेक वेळा शिवत नाहीत, नवीन बनवतात. माझ्याच मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचे दोन टेंडन (स्नायू हाडाले जोडणारे दोर) काढून, घडी घालून जाड केले, मांडीच्या अन नडगीच्या हाडात बोगदा पाडून त्यातून ओवले, वर बटन अन खाली स्क्रू. हाच तो ग्राफ्ट. दुसरा ऑप्शन वाटीखालच्या टेंडनचा होता, त्याच्या दोन्ही टोकाले हाडाचा तुकडा असतो म्हणून तो बोगद्यात लवकर जुळते, पण नंतर गुडघा टेकवला की दुखू शकते. निंदण, खुरपणी करणाऱ्याले ते कसं परवडणार, म्हणून हॅमस्ट्रिंग घेतला.

तोटे पण आहेत. नडगीवर एक पट्टा बधिर झाला, आता लहान झाला पण गेला नाही. उभं राहून टाच मागं ओढतो तर तो पाय अजून कमजोर वाटते.

घरी जो येईल तो एकच विचारे, "वाकते का रे?" सरळ होते का, हे कोणीच नाही. फिजिओवाल्या ताईनं मात्र आधी सरळच करून घेतला, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, कारण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतच राहते.

खरा धोका तिसऱ्या महिन्यात वाटला मले. दुखणं नाही, सूज नाही अन बाबा म्हणे, "चांगला चालतं ना बे, मंग डवरा काहून नाही धरत?" पण ग्राफ्टमध्ये तेव्हा नवीन रक्तवाहिन्या अन पेशी भरत असतात, तो सुरुवातीपेक्षाही नाजूक असते. त्यात आपली काळी माती, पावसात पाय चिकटून बसते अन वरचं अंग वळते, एसीएल तुटतो तो असाच. म्हणून त्या खरीपात मी धुऱ्यावरूनच कामं पाहिली, बोलणी खाल्ली.

आता वावरात चालतो, जिना चढतो, मांडी घालून जेवतो. कबड्डी अजून नाही. नऊ महिन्याच्या आधी तर नाहीच म्हणे, अन त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी लागते, एका पायावर उडी मारायची टेस्ट घेतात. माझी अजून कमी येते.

ज्याची गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) पण शिवली असंन त्यानं माझ्याशी तुलना करू नये, त्याले उकिडवं बसायले जास्त थांबा लागते.